टीव्ही गेला, रुमाल राहिला : सीमाभागातल्या घरांत क्रोशाचं काम काय काय जपून ठेवतं?

बीदर/कलबुर्गी : दिवाळीच्या आधी माळा साफ करायला काढला, की जुन्या पत्र्याच्या पेटीतून एक गाठोडं हमखास निघतं. वर लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला, आत पांढरे, पिवळे पडलेले, कधी गुलाबी-हिरव्या काठाचे जाळीदार रुमाल. काही गोल, काही चौकोनी, काही बशीएवढे, एखादा टेबलभर. घरातली तरुण मंडळी विचारतात, "हे काय करायचं? टाकायचं का?" आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "हात नका लावू, ते आजीच्या हातचं हाय!"

भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, अफजलपूर असा हा सगळा पट्टा आहे. इथल्या मराठी घरांत हा प्रसंग नवा नाही. सीमेपलीकडे उदगीर, निलंगा, उमरगा, अक्कलकोट, सोलापूरकडेही हेच. वस्तू साधी, बाजारात फारशी किंमत नाही, पण टाकवत नाही. असं का होतं? हे रुमाल आले कुठून, बनतात कसे, त्यांच्यावरून घराबद्दल काय काय कळतं आणि ते टिकवायचे कसे, ते पाहू.

नाव एक, भाषा तीन

मराठी घरात याला 'क्रोशाचं काम' म्हणतात. दख्खनी-उर्दू बोलणाऱ्या शेजारघरी तेच 'क्रोशिया' होतं. मूळ शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ 'लहान आकडा'. ज्या सुईने हे काम होतं, तिच्या टोकाला आकडा असतो, म्हणून सगळ्या कामालाच ते नाव पडलं. छोट्या गोल रुमालाला इंग्रजीत 'डॉयली' म्हणतात. ते नाव सतराव्या शतकातल्या लंडनमधल्या डॉयली नावाच्या एका कापड दुकानदारावरून पडलं, असं सांगतात. आपल्याकडे मात्र तो नुसता 'रुमाल'. टीव्हीवरचा रुमाल, तांब्यावरचा रुमाल, देवाचा रुमाल. कशावर टाकायचा, त्यावरून त्याचं नाव.

विणकाम म्हटलं की दोन सुयांचा स्वेटर आठवतो. क्रोशा त्याहून वेगळा. स्वेटरच्या विणीत एका वेळी पन्नास-शंभर फासे सुईवर असतात आणि सुई निसटली तर सगळे सुटायची भीती. क्रोशात बहुतेक वेळ सुईवर एकच फास जिवंत असतो, बाकीचे टाके बंद झालेले. म्हणून हे काम मध्येच ठेवता येतं. चुलीवरचं दूध उतू चाललं, पोर रडलं, दारात कोणी आलं, तर बाई सुई बाजूला ठेवून उठते आणि परत येऊन तिथूनच पुढे चालू करते. घरकामात बुडालेल्या बायकांच्या हाती ही कला का टिकली, याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

एक सुई, एक दोरा आणि मोजणी

क्रोशाची मुळाक्षरं दोन. पहिलं म्हणजे साखळी, फासातून फास काढत गेलं की होणारी. दुसरं म्हणजे खांब, सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन घातलेला उभा टाका. बाकी सारे नमुने, म्हणजे अननस, पानं, शिंपले, कोळ्याचं जाळं, हे या दोन्हींच्या कमी-जास्त जुळणीतून निघतात.

गोल रुमाल सपाट बसायचा असेल तर गणित चुकून चालत नाही. भरीव गोल करायचा तर साधारण 12 खांबांनी सुरुवात होते. दुसऱ्या फेरीत 24, तिसऱ्या फेरीत 36, चौथ्या फेरीत 48, म्हणजे प्रत्येक फेरीत 12 वाढवायचे. वाढ कमी पडली की रुमाल वाटीसारखा वळतो, त्याची टोपी होते. वाढ जास्त झाली की कडेला झालर पडते. शाळा पाहिली नाही अशा कितीतरी बायका हा हिशेब तोंडी करत आल्या आहेत.

याच हिशेबावरून कष्टही मोजता येतात. वरच्या पद्धतीने 10 फेऱ्यांच्या गोलाला एकूण 660 खांब लागतात. 20 फेऱ्यांना किती? दुप्पट नाही, 2,520. म्हणजे रुमालाची रुंदी दुपटीने वाढली की काम जवळपास चौपट. टेबलभर पसरणारा रुमाल जाळीचा असल्याने त्यात खांब कमी आणि साखळ्या जास्त असतात, तरी टाके हजारोंनी मोजावे लागतात. पुढच्या वेळी पेटीतला मोठा रुमाल हातात आला की एवढं आठवा.

झालर पडण्याच्या गुणाचा उपयोग पुढे चक्क गणितज्ञांनी केला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना टाइमिना या लाटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये 'हायपरबोलिक' भूमितीचे पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवले. कागदावर समजायला अवघड असलेली गोष्ट विद्यार्थ्यांना हातात धरता आली. आपल्याकडच्या आज्ज्या ज्याला 'बिघडलं' म्हणून उसवून टाकायच्या, त्याच झालरीचा हा शास्त्रशुद्ध नमुना.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. विणकाम यंत्रावर होतं, कापड मागावर होतं, भरतकामही यंत्रावर होतं. खरा क्रोशा मात्र आजही हातानेच होतो. बाजारात त्याच्यासारखी दिसणारी यंत्राची जाळी मिळते, पण तिची वीण वेगळी असते. म्हणजे क्रोशाचा रुमाल, मग तो कुठलाही असो, कोणाच्या तरी हातून टाका टाका घालूनच झालेला असतो.

आयर्लंड ते गोदावरी

ही कला फार जुनी वाटते, पण तशी ती नाही. आजच्या रूपातल्या क्रोशाचे छापील नमुने युरोपात 1820 च्या दशकापासून दिसतात. आयर्लंडमध्ये 1845 नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडून मोठा दुष्काळ आला, तेव्हा तिथल्या जोगिणींच्या मठांनी आणि शाळांनी बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली. त्या लेसच्या विक्रीवर अनेक कुटुंबं जगली. शोभेची म्हणून ओळखली जाणारी कला दुष्काळात पोट भरणारी ठरली, ती अशी.

भारतात ती आली मुख्यतः मिशनऱ्यांबरोबर. आंध्रातल्या गोदावरीच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिशनरी कुटुंबांतल्या स्त्रियांनी हे काम शिकवलं आणि नरसापूर हे त्याचं केंद्र झालं. गोव्यात ख्रिस्ती घरांतल्या टेबलांवर, चर्चच्या वेदीवर ही जाळी रुळली. बीदरमध्येही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मेथडिस्ट मिशनचं काम होतं. मुलींच्या शिक्षणात शिवण-टिपण असणं हा त्या काळचा रिवाजच होता.

मराठी मुलखात मुलींच्या शाळा आणि स्त्रियांच्या संस्था यांनी हे काम घरोघर नेलं. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनात शिवण आणि हस्तकला हा शिक्षणाचा भाग होता. एकट्या पडलेल्या बाईला चार पैसे मिळावेत, हा त्यामागचा विचार. पुढे 1930 मध्ये किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक सुरू झालं. स्त्रियांच्या मासिकांतून विणकामाचे नमुने येऊ लागले आणि टपालाने गावोगाव पोचू लागले.

सीमाभागात मात्र कागदावरच्या नमुन्यापेक्षा जास्त चालला तो हाताकडून हाताकडे जाणारा नमुना. शेजारच्या काकूंनी रुमाल केला की तो दोन दिवस उसना आणायचा, टाके मोजायचे आणि तसाच घालायचा. शेजारची ती बाई मराठी काकू असेल, कन्नड अक्का असेल नाहीतर मुसलमान आपा असेल. नमुना समजून घ्यायला भाषा लागत नाही. एकीकडे तोच दोरा देवाच्या चौरंगावरच्या रुमालाला लागतो, दुसरीकडे नमाजाच्या जाळीदार टोपीला. टाके तेच, साखळी आणि खांब.

दोरा टिकला म्हणून रुमाल टिकला

पन्नास-साठ वर्षांचे रुमाल आजही धड कसे राहतात? त्याचं श्रेय बऱ्याच अंशी दोऱ्याला आहे. इंग्लंडमधल्या जॉन मर्सर यांनी सुती धाग्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली आणि 1850 मध्ये तिचं पेटंट घेतलं. या प्रक्रियेने कापसाचा चपटा तंतू फुगून गोल होतो, मजबूत होतो, रंग चांगला धरतो. पुढे 1890 च्या सुमारास धागा ताणून धरून हीच प्रक्रिया करण्याची सुधारणा झाली आणि धाग्याला रेशमासारखी चमक आली. त्यालाच 'मर्सराइज्ड' धागा म्हणतात. आपल्याकडे दुकानात जाऊन बायका 'अँकरचा दोरा द्या' म्हणायच्या, तो याच जातीचा. गुंड्यावरचा आकडा जितका मोठा, दोरा तितका बारीक. म्हणून 40 नंबरच्या दोऱ्याचा रुमाल हा 10 नंबरच्या रुमालापेक्षा डोळ्यांना जास्त त्रास देऊन झालेला असतो.

सुई विकत मिळायची, पण प्रत्येकीकडे असायचीच असं नाही. सायकलच्या चाकाची तार किंवा मोडक्या छत्रीची काडी घेऊन तिचं टोक कानशीने घासून आकडा करण्याची युक्ती बऱ्याच घरांत होती.

रुखवतात बसलेली ओळख

मराठी लग्नात क्रोशाच्या रुमालाची हक्काची जागा म्हणजे रुखवत. लग्नाच्या मांडवात एका बाजूला टेबलं जोडून मुलीकडचे लोक फराळाचे पदार्थ, भांडी आणि मुलीने स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू मांडतात. क्रोशाचे रुमाल, मण्यांचं तोरण, भरलेल्या उशांचे अभ्रे, लोकरीचा आसनपट्टा. वरपक्षाच्या बायका एकेक वस्तू उलटून पाहतात, कारण उलट बाजूवरूनच हात कळतो. मुलगी फारशी बोलणार नाही, बोलू दिलंही जाणार नाही, पण तिचं काम तिच्या आधी सासरच्यांशी बोलून घ्यायचं.

या रुखवताला सीमाभागात आणखी एक अर्थ आहे आणि तो समजायला थोडा इतिहास लागतो.

1956 पर्यंत बीदर हा हैदराबाद राज्यातला मोठा जिल्हा होता. आज महाराष्ट्रात असलेले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके त्यात होते. आज तेलंगणात असलेले जहिराबाद आणि नारायणखेडही होते. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यरचना झाली आणि जिल्ह्याचे तीन तुकडे पडले. भालकी, हुमनाबाद, बीदर आणि औरादचा भाग म्हैसूर राज्यात गेला, उदगीरकडचा भाग मुंबई राज्यात आणि जहिराबादकडचा आंध्रात.

आता भालकीकडून उदगीरला 1950 मध्ये दिलेल्या एखाद्या मुलीचा हिशेब मांडून बघा. लग्न झालं तेव्हा ती जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच गेली होती. सहा वर्षांनी तिचं सासर मुंबई राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात आलं, 1960 ला महाराष्ट्रात, 1982 ला नव्या लातूर जिल्ह्यात. माहेर आधी म्हैसूर राज्यात गेलं, 1973 ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. बाई घरातून हलली नाही, पण तिचा पत्ता तीन वेळा बदलला आणि माहेर परराज्यात गेलं. माहेरच्या शेताचा उतारा उर्दूतून कन्नडमध्ये गेला. इकडे त्याला सातबारा म्हणतात, तिकडे पहाणी. भावाची मुलं कन्नड शाळेत शिकली, तिची मराठी शाळेत.

या सगळ्या उलथापालथीत जे बदललं नाही, त्यात रुखवतात आलेला तो रुमाल होता. त्यावर कुठल्या राज्याचा शिक्का नाही, कुठली लिपी नाही. म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांत एकाच हातचे रुमाल सापडू शकतात. एक माहेरी मागे राहिलेला, एक सासरी गेलेला. बीदर, भालकी, कमलनगर, उदगीर अशी एकाच रुळावर असलेली ही गावं. दिवाळीला, नागपंचमीला माहेरी येताना लेकी पिशवीत नवा दोरा आणि अर्धवट झालेलं काम घेऊन यायच्या. परत जाताना नवा नमुना घेऊन जायच्या.

ज्यांच्यावर टाकले, त्या वस्तू गेल्या

क्रोशाचे रुमाल नीट पाहिले तर घरात कोणती वस्तू कधी आली, याचा क्रम लागतो. कारण नवी, महाग वस्तू आली की तिला धुळीपासून जपायला रुमाल व्हायचाच.

आधी तांब्या-भांड्यावरचे, ताटावरचे आणि आरशाचे रुमाल. मग रेडिओचे. बिनाका गीतमाला ऐकणाऱ्या त्या लाकडी पेटीला पुढे झालर असलेलं आवरण असायचं, बटणं उघडी राहतील असं बेतलेलं. मग टीव्ही आला.

टीव्हीच्या बाबतीत कलबुर्गीचा इतिहास वेगळा आहे. देशातल्या बहुतेक खेड्यांनी टीव्ही पाहिलाही नव्हता, तेव्हा 1 ऑगस्ट 1975 पासून एक वर्ष उपग्रहावरून खेड्यांत कार्यक्रम दाखवण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत तो चालला आणि कर्नाटकात त्यासाठी गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे निवडले होते. तो टीव्ही सगळ्या गावाचा होता. घरातला टीव्ही आला तो पुढच्या दशकात. 25 जानेवारी 1987 ला 'रामायण' आणि 2 ऑक्टोबर 1988 ला 'महाभारत' सुरू झालं, तेव्हा टीव्ही असलेल्या घरात रविवारी सकाळी अर्धी गल्ली जमायची. मालिका सुरू होण्याआधी कोणीतरी पुढे होऊन टीव्हीवरचा रुमाल दुमडून वर सारायचा आणि संपल्यावर तो पुन्हा खाली सोडायचा. ज्यांनी हे पाहिलंय, त्यांना रुमाल हातात घेतला की तो रविवार आठवतो.

नव्वदच्या दशकात फोन आला आणि फोनचा रुमाल झाला. मग फ्रीजच्या मुठीचं आवरण, मिक्सरची टोपी. आता भिंतीवरच्या सपाट टीव्हीवर रुमाल ठेवायला जागाच नाही आणि फोन खिशात गेला. वस्तू भंगारात गेल्या, रुमाल पेटीत राहिले. फोनचा रुमाल पाहून आज लहान मुलं 'हे कशाचं?' असं विचारतात, आणि घरातली मोठी माणसं सांगायला लागतात. आठवण बाहेर पडते ती अशी.

रुमाल वाचायचा कसा?

रुमालावर नाव नसतं. तरी लक्ष देऊन पाहिलं तर तो बरंच सांगतो.

* हात उजवा की डावा : सुलट बाजू वर ठेवून फेऱ्या कोणत्या दिशेने गेल्या आहेत ते पाहा. उजव्या हाताच्या बाईची फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जाते, डावखुरीची काट्यांच्या दिशेने. घरात 'आजी डावखुरी होती' असं कोणी सांगत असेल, तर तिचे रुमाल यावरून वेगळे काढता येतात.
* हाताचा ताण : काहींचा टाका घट्ट, काहींचा सैल. एकाच नमुन्याचे दोन रुमाल लहान-मोठे दिसले तर ते बहुधा दोन हातांचे.
* शिकाऊ की सरावलेली : मधल्या फेऱ्या वेड्यावाकड्या आणि बाहेरच्या सरळ असतील, तर तो रुमाल करता करता हात बसला, असं समजायला हरकत नाही.
* दोरा कुठे बदलला : मध्येच पांढऱ्याची छटा बदलली असेल तर दोरा संपला होता. नंतर आणलेला जुळला नाही, किंवा काम बरेच दिवस पडून राहिलं. कधी एखादं बाळंतपण, कधी आजारपण त्या दोन छटांच्या मध्ये असतं. ते मात्र घरच्यांनाच माहीत.
* चौकटीची जाळी : भरीव आणि मोकळ्या चौकटी जुळवून मोर, स्वस्तिक, 'सुस्वागतम' अशी अक्षरं किंवा नावं विणण्याची पद्धत आहे. अशा कामात अक्षरं आधी चौकटीच्या कागदावर मांडून घेतात. वही शोधा, कदाचित तो कागदही असेल.

मोल कुणाचं, कुणी केलं?

बीदर म्हटलं की बिद्री आठवते. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीचं जडावकाम आणि किल्ल्यातल्या मातीने येणारा काळा रंग. या कामाला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 ला पद्मश्री मिळाली. हा अभिमान सगळ्या जिल्ह्याचा आहे. त्याच गावातल्या, त्याच गल्लीतल्या घरात वर्षानुवर्षं झालेलं क्रोशाचं काम मात्र कुठल्याच यादीत नाही. कारण ते विकायला नव्हतं आणि करणारी बाई स्वतःला कारागीर म्हणत नव्हती. 'रिकाम्या वेळचं काम' एवढीच त्याची ओळख.

या 'रिकाम्या वेळे'ची दुसरी बाजू नरसापूरने दाखवली. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी तिथल्या लेस करणाऱ्या बायकांवर 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. परदेशात जाणारा माल या बायका घरी बसून करत होत्या, पण त्यांना कामगार न मानता 'घरात बसून फावल्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी' मानलं जाई. त्यामुळे मजुरी तुटपुंजी राहिली, असं त्यांनी दाखवून दिलं. त्याच नरसापूरच्या क्रोशा लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चेन्नईत 2016 ला अनेक बायकांनी मिळून 11 हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं पांघरूण जोडून विश्वविक्रम केला. म्हणजे कामाकडे बघण्याची नजर बदलते आहे. सीमाभागातही यूट्यूब पाहून क्रोशाची फुलं, बाहुल्या, पिशव्या करून विकणाऱ्या मुली दिसतात. त्यांनी आजीच्या पेटीतला जुना नमुना एकदा मोजून पाहायला हवा. तो कुठल्याही व्हिडिओत नसेल.

घरातल्या कागदपत्रांचं पाहिलं तर शेत, घर, खरेदीखत, जुनी पत्रं ही बहुतेक पुरुषांच्या नावाने. पणजीचं माहेरचं नाव काय होतं, हे विचारलं तर अनेक घरांत कोणाला सांगता येत नाही. तिच्या हातची एकच वस्तू शिल्लक असते, ती म्हणजे हा रुमाल. तो टाकला की तिचा घरातला शेवटचा पुरावा गेला.

जपायचं कसं?

बहुतेक रुमाल वापरून फाटत नाहीत, चुकीचं ठेवल्याने खराब होतात. थोडी काळजी घेतली तर आणखी पन्नास वर्षं टिकतील.

* धुताना : रंगीत काठ असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने टिपून रंग सुटतो का ते पाहा. नसेल सुटत, तर थंड पाण्यात भिजवून सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवा. घासू नका, पिळू नका. डाग काढायला ब्लीच वापरू नका, जुना सुती धागा त्याने कुजतो.
* वाळवताना : दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने आकार बिघडतो. टॉवेलवर सपाट पसरून, बोटांनी ओढून गोल करा आणि सावलीत वाळवा.
* खळ : भाताच्या पेजेची किंवा साबुदाण्याची खळ दिली की रुमाल ताठ बसतो, पण ती वापरातल्या रुमालापुरतीच. पेटीत ठेवायचा असेल तर खळ पूर्ण धुऊन काढा. कसर खळीवर येते आणि खळ असलेला धागा घडीवर तुटतो.
* ठेवताना : प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते. लोखंडी पेटीचा गंज लागू नये म्हणून धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात ठेवा. घडी घालण्याऐवजी गुंडाळी करा. डांबरगोळ्या रुमालाला थेट लागू देऊ नका. वर्षातून एकदा बाहेर काढून वारा द्या.
* तुटल्यास : एक साखळी तुटली तर शेजारचे टाके सुटत जातात. त्याच जाडीच्या दोऱ्याने लगेच बांधून घ्या. स्वतःला जमत नसेल तर क्रोशा येणाऱ्या बाईला दाखवा, गल्लीत एखादी निघतेच.
* चौकटीत लावताना : गोंद नको. रंगीत सुती कापडावर चार टाक्यांनी अडकवा, काच रुमालाला टेकणार नाही एवढी जागा सोडा आणि थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका.

सर्वांत आधी करायचं काम

धुणं-ठेवणं नंतर केलं तरी चालेल. त्याआधी एक काम आहे, ते थांबून चालणार नाही. घरात सत्तरी-ऐंशीच्या पुढची आई, आत्या, मावशी, काकू जी कोणी असेल, तिच्यासमोर गाठोडं सोडून एकेक रुमाल हातात द्यायचा आणि विचारायचं : हा कुणी केला? कुठे असताना केला? कशासाठी? नमुना कुणाकडून आणला? मोबाइलवर बोलणं टिपून ठेवा. रुमालाचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. मग सुती फितीच्या तुकड्यावर पेन्सिलीने नाव, माहेरचं गाव आणि अंदाजे साल लिहून ती फीत दोन टाक्यांनी मागे अडकवा. बॉलपेनची शाई पसरते, ती नको.

सीमेच्या या बाजूच्या घरांनी त्या बाजूच्या नातेवाइकांनाही फोटो पाठवावा. आत्याच्या सासरी, मावशीच्या घरी तोच नमुना असेल तर दोन घरांचं तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू व्हायला तेवढं निमित्त पुरतं. पुढची पिढी कोणी मराठी वाचेल, कोणी कन्नड, कोणी नुसती इंग्रजी. म्हणून फितीवर नाव दोन लिप्यांत लिहिलं तर आणखी बरं.

यंदा माळा काढाल तेव्हा गाठोडं परत वर टाकण्याआधी तेवढं विचारून घ्या. सांगणारं माणूस आज घरात आहे.